स्वतःला बोल लावा, पण कामाचे

स्वतःशी वाईट बोलू नये, हे आता बहुतेकांचं ऐकून पाठ झालं आहे. तरीही या विषयावर वाचक जे विचारतात, त्यात एक प्रश्न हटकून असतो: “स्वतःला रागावणं सोडलं, तर मी सुधारणार कसा? आहे तेवढा धाकही जाईल.” दुसरा प्रश्न अगदी उलट टोकाचा: “रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणते, पण आतून कुणीतरी हसतं. माझं काय चुकतं?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. स्वतःवरची टीका बंद करायची नाही, ती नेमकी करायची. “मी बिनकामाचा आहे” हे वाक्य कडक वाटतं, पण टीका म्हणून ते फार ढिलं आहे. कुठे चुकलं, कधी चुकलं, नुकसान किती झालं, उद्या काय बदलायचं, यांपैकी कशालाच ते हात लावत नाही. स्वतःला शिव्या घालून माणूस थकतो, आणि थकला की प्रायश्चित्त झालं असं समजून झोपी जातो. चूक जिथल्या तिथे राहते.

धाक गेला तर आळस येईल का?

ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की तिची तपासणीही झालेली आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. ती बहुतेकांना जड गेली. त्यानंतर एका गटाला सांगितलं, की ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. मग सगळ्यांना दुसऱ्या परीक्षेच्या तयारीसाठी हवा तेवढा वेळ दिला. जास्त वेळ अभ्यास केला तो हे समजुतीचे शब्द ऐकलेल्या गटाने.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. ज्या विषयाची वही उघडली की शिव्याच ऐकू येतात, ती वही माणूस उघडायचंच टाळतो. वजनकाट्यावर उभं राहणं टाळणारे, बँकेचं पासबुक भरून न आणणारे, साहेबांचा ईमेल दोन दिवस न उघडणारे लोक आळशी असतातच असं नाही. पुष्कळदा ते स्वतःच्याच तोंडाला घाबरलेले असतात.

आधी ऐका, मग टिपा

आतलं बोलणं इतकं सवयीचं असतं की ते बोलणं आहे हेच लक्षात येत नाही. म्हणून आठवडाभर एवढंच करा: मन खट्टू झालं की त्या क्षणी डोक्यात आलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत किंवा फोनमध्ये लिहा. सुधारू नका, सभ्यही करू नका. बहुतेक वाक्यं पुढच्यापैकी एखाद्या साच्यातली निघतील:

- शिक्का: “मी ढच आहे.”
- कायमचा निकाल: “माझ्या हातून एक काम कधी धड होत नाही.”
- भविष्यवाणी: “आता संपलं. ही नोकरी जाणार.”
- दुसऱ्याच्या मनातलं वाचणं: “त्यांनी काही म्हटलं नाही, पण मी त्यांच्या मनातून उतरलेच असणार.”
- तुलना: “तिने दोन मुलं सांभाळून पीएचडी केली, मला साधी बीएडची परीक्षा झेपत नाही.”

यातली बरीच वाक्यं मुळात आपली नसतात. “डोळे काय कपाळावर आहेत?”, “अक्कल गहाण ठेवलीस का?” हे आपण लहानपणी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की बोलणारी माणसं म्हातारी झाली तरी आवाज तरुणच राहतो. हे आईवडिलांवर खापर फोडण्यासाठी सांगत नाही. वाक्य कुठून आलं ते कळलं, की ते खरं मानायची सक्ती थोडी सैल होते, एवढाच उपयोग.

एक चूक, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, तुम्ही एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करता. एका दुकानदाराचं जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं होतं. ते राहून गेलं. २४ तारखेला लक्षात आलं, तेव्हा धावपळ करून भरलंत. रात्री झोप नाही. डोक्यात एकच चक्र: “मी बेजबाबदार आहे. लोक माझ्यावर विश्वास टाकतात आणि मी त्यांना बुडवते.” आता कागद घ्या.

1. वाक्य शब्दशः लिहा. “मी बेजबाबदार आहे, लोकांना बुडवते.” कागदावर आलं की त्याचा आवाज निम्मा होतो.

2. कॅमेऱ्यात न दिसणारं खोडा. कार्यालयात कॅमेरा असता तर त्याने काय टिपलं असतं? ‘बेजबाबदार’ टिपलं नसतं, ‘बुडवते’ही नाही. उरतं ते असं: २० तारखेचं विवरणपत्र २४ला भरलं.

3. नुकसान मोजा. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (केंद्राचे २५, राज्याचे २५), म्हणजे चार दिवसांचे २००. रोखीने भरायचा कर ६०,००० रुपये होता असं धरलं, तर वार्षिक १८ टक्क्यांनी चार दिवसांचं व्याज सुमारे ११८. एकूण ३१८ रुपये आणि दुकानदाराची नाराजी. नाराजी लहान गोष्ट नव्हे, तीही लिहा. पण ‘बुडवते’ आणि ‘३१८ रुपये’ यांच्यातलं अंतर डोळ्यांनी बघा.

4. घटनांची साखळी लावा. इथे घाई करू नका, खरं काम इथेच आहे. खरेदीची बिलं १८ला रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आली. तुम्ही जेवताना संदेश उघडला आणि “उद्या बघू” म्हटलंत. उघडल्यामुळे न वाचलेल्या संदेशाचा हिरवा ठिपका गेला. १९ला दुसऱ्या एका अशिलाला नोटीस आली, दिवस त्यात गेला. २०ला कुणाचं राहिलं आहे हे दाखवणारी यादी कुठेच नव्हती, सगळं डोक्यात होतं.

5. वाटे करा. बिलं उशिरा पाठवणं हा दुकानदाराचा वाटा. यादी नसणं हा कार्यालयाचा. संदेश उघडून नोंद न करणं हा तुमचा. स्वतःचा वाटा लपवू नका, आणि दुसऱ्याचा उचलूही नका.

6. एकच बदल लिहा, तारखेसह. “यापुढे नीट लक्ष देईन” हा बदल नाही, ती शपथ आहे. बदल असा: “दर महिन्याच्या १५ला अशिलांची यादी छापून टेबलावर लावीन. विवरणपत्र भरल्यावर मिळणारा पोचक्रमांक नावापुढे लिहिल्याशिवाय ते नाव खोडणार नाही.”

7. कुणाला सांगायचं ते ठरवा आणि सांगा. दुकानदाराला फोन: “विवरण चार दिवस उशिरा गेलं, चूक आमच्याकडून झाली, शुल्क इतकं, पुढच्या महिन्यापासून बिलं १२ तारखेपर्यंत हवीत.” चार वाक्यांत काम होतं. तो फोन टाळण्यासाठी माणसं चार-चार रात्री जागतात.

पुढच्या महिन्याच्या २१ला यादी काढून बघा. सगळे पोचक्रमांक आहेत का? असतील तर ही चूक बंद. पुन्हा काही राहिलं असेल, तर दोष तुमच्या स्वभावात शोधू नका, बदल अपुरा होता असं समजा आणि तो बदला.

शेरा कामावर, माणसावर नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा गाभा आहे: कृतीचं मूल्यमापन जरूर करा, अख्ख्या माणसाचं करू नका. मराठीत ही विचारसरणी पोहोचवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातूनही ती अनेकांना ओळखीची झाली आहे. तुम्हाला सिद्धान्ताच्या खोलात जायची गरज नाही. वाक्याचा कर्ता तपासा, एवढं पुरे. ‘मी’ कर्ता आणि ‘आहे’ क्रियापद असेल, तर सावध व्हा:

- “मी वाईट आई आहे” याऐवजी: “काल रात्री गृहपाठावरून मी ओरडले. तेव्हा साडेदहा वाजले होते आणि दोघीही दमलेल्या होतो. गृहपाठ जेवणाआधी घ्यायचा.”
- “मी स्टेजवर बोलण्यात शून्य आहे” याऐवजी: “पहिली दोन मिनिटं मी कागदात बघून वाचलं. सुरुवातीची पाच वाक्यं पाठ हवीत.”
- “मी पैशाच्या बाबतीत गाढव आहे” याऐवजी: “क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहिलो. शिल्लक किती आणि व्याजदर किती, हे उद्या ॲपमध्ये बघायचं.”

‘याऐवजी’नंतरची वाक्यं गोड नाहीत, हे लक्षात घ्या. ती जास्त टोचतात, कारण ती खरी आहेत.

स्वतःला हाक मारून बोला

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तणावाच्या वेळी ‘मी’ म्हणून विचार करण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून किंवा ‘तू’ म्हणून बोललं, तर माणूस थोडा लांबून बघू शकतो आणि नंतर घोळतही कमी बसतो. आपल्याला हे तंत्र परकं वाटायचं कारण नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनालाच उद्देशून आहेत. तेही कसे, तर मनाला सज्जन म्हणून हाक घालत. उपदेश कडक, संबोधन आदराचं. शाळेत ते पाठ करताना हे कुणी दाखवून दिलं असतं तर बरं झालं असतं.

करायचं असं: “सुनीता, काल काय झालं ते सांग. बरं, आता यातलं तुझ्या हातात काय होतं?” मोठ्याने म्हटलंत तर उत्तम, घरात गर्दी असेल तर लिहून. स्वर कसा हवा, याची एकच खूण पुरते. तुमच्या हाताखाली नवीन लागलेल्या, होतकरू माणसाकडून हीच चूक झाली असती, तर तुम्ही त्याला जसं बोलला असता, तसं स्वतःशी बोला.

आरशासमोरच्या मंत्रांचं काय?

आतून हसू येतं, यात तुमची चूक नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःबद्दल मुळात कमी आदर असलेल्यांनी “मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे” अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांना बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटलं. ज्यांना आधीच स्वतःबद्दल बरं वाटत होतं, त्यांना थोडाफार फायदा झाला. म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांनाच हे औषध बाधतं. मनाला न पटणारं वाक्य त्याच्या गळी उतरवू नका. पटेल असं वाक्य शोधा: “मला अजून हे जमत नाही. गेल्या महिन्यापेक्षा दोन गोष्टी जास्त जमतात.” यात जाहिरातीचा झगमगाट नाही, पण मन याला हसत नाही.

चूक खरोखर मोठी असेल तर?

कुणाचा विश्वास मोडला, कुणाचे पैसे गेले, तुमच्या गाडीने कुणाला लागलं, अशा वेळी ३१८ रुपयांचा हिशेब लागू पडत नाही, आणि अपराधी वाटणं योग्यच आहे. ते घालवायची घाई करू नका. पायऱ्या मात्र त्याच, फक्त सातवी सगळ्यात आधी येते. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, ‘पण’ न वापरता माफी मागा, भरपाई काय करू शकता ते सांगा आणि ती करा. “मी किती वाईट आहे” असं त्याच्यासमोर रडत बसू नका. मग सांत्वन करायची पाळी त्याच्यावरच येते, आणि तो दुसरा अन्याय.

आणि चूक तुमची नसेल तर?

पाचव्या पायरीवर अनेकांचं घोडं अडतं, विशेषतः बायकांचं. नोकरी, स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं, मुलांच्या शाळेचे व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं एकटीने करून “मला वेळेचं नियोजन जमत नाही” असं स्वतःला ऐकवणं ही टीका चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. तिथे वही बदलून उपयोग नाही, घरातली कामं वाटून घ्यायला हवीत. कार्यालयात तिघांचं काम एकावर टाकलं जात असेल, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे बसत असतील, तर आत्मपरीक्षणाच्या नावाखाली ते पचवू नका. वाटे करताना दुसऱ्याचा वाटा मोठा निघाला, तर तो मागायला जाणं हाच तुमचा पुढचा बदल.

पुरावा मागा, तो तुमचा हक्क आहे

स्वतःला दोषी ठरवण्याआधी कागद बघायची सवय लावा.

- परीक्षा: दहावी-बारावीच्या निकालानंतर राज्य मंडळाकडे गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि मुदत निकालासोबत जाहीर होते, ती चुकवू नका. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. गुण वाढोत न वाढोत, “मला गणित येत नाही” आणि “भूमितीच्या सिद्धतांचे गुण गेले” यांतलं खरं कोणतं, ते कळेल.
- नोकरी: “तुमच्या कामात सुधारणा हवी” असं वरिष्ठ म्हणाले, तर नम्रपणे विचारा: “कोणत्या कामात, आणि किती झालं म्हणजे सुधारलं असं तुम्ही समजाल?” उत्तर ईमेलवर मिळालं तर अधिक बरं.
- नाती: “तू नेहमी अशीच वागतेस” याला शेवटचा एक प्रसंग मागा. भांडण चालू असताना नव्हे, दुसऱ्या दिवशी.

इथे पाय घसरतो

- रात्री अकरानंतर हिशेब मांडणं. दमलेल्या मनाला सगळंच काळं दिसतं. वाक्य टिपून ठेवा, वाटे सकाळी करा.
- वेळेला बांध नसणं. एका चुकीला वीस मिनिटं. त्यात बदल सुचला नाही, तर माहिती कमी आहे असं समजा आणि कुणाला तरी विचारा.
- चारचौघांत स्वतःला आधीच नावं ठेवणं. “माझं इंग्रजी अगदीच यथातथा हं” ही नम्रता नसते. समोरच्याने टीका करू नये म्हणून आधीच भरलेला हप्ता असतो तो. आणि मुलं हे ऐकत असतात, पुढे ती तुमच्याच शब्दांत स्वतःशी बोलू लागतात.
- वहीचाच दंडुका करणं. “तीन दिवस लिहिलं नाही, मला हेसुद्धा जमत नाही.” हे वाक्यही वहीतच लिहा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.

वही पुरत नाही तेव्हा

आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं किंवा अवास्तव अपराधी वाटणं हे नैराश्याच्या आजाराचं एक लक्षणही असतं. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप आणि भूक बिघडली, काम होईनासं झालं, तर वर सांगितलेल्या पायऱ्या पुरेशा नाहीत. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचंही नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

- टेलिमानस, १४४१६: केंद्र सरकारची निःशुल्क सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.
- सरकारी उपचार: जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. नावाला बिचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक त्याच दिवशी घरी येतात.
- कायदा तुमच्या बाजूने: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसोपचार मिळण्याचा आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तो देतो. आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावं, असंही त्यात आहे. तुमच्या पॉलिसीच्या अटी मात्र वाचून घ्या.

पहिल्या भेटीला ती वही सोबत न्या. “कसं वाटतं?” या प्रश्नापुढे अनेकांची बोबडी वळते, तेव्हा शेवटच्या आठवड्यातली वाक्यं डॉक्टरांना नुसती वाचून दाखवली तरी चालतात. त्याखेरीज एका कागदावर लिहून ठेवा: त्रास कधीपासून, झोप किती तास, सध्या चालू असलेली औषधं, थायरॉईड किंवा मधुमेह आहे का, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. सोबत आलेल्या माणसाला आत घ्यायचं की बाहेर बसवायचं, हे तुम्ही ठरवायचं. काही वेळ एकट्याने बोलायचं असेल, तर आत गेल्या गेल्या तसं सांगा.